नदीपार, चार एक सात

टेलिफोन चौकशीच्या टेबलावर बसून बसून माझं डोकं हल्ली फार लवकर फिरतं. लोकांना स्वतःच्या बायकोचा नंबर पाठ नसतो, आणि दुकानाचं नाव विचारलं तर "ते हिरव्या पाटीचं हो" म्हणतात. माझे धाकटे दीर म्हणतात, वहिनी घरी मुक्या आणि ऑफिसात तोंडाचा पट्टा. म्हणू देत.

त्या दुपारी एका औषधांच्या दुकानदाराचा फोन आला. कुठल्याशा बसमधून उतरून एक आजी त्याच्या दुकानात येऊन बसल्या होत्या. नाव आठवत नव्हतं, गाव आठवत नव्हतं, जवळ पिशवीसुद्धा नव्हती. पोलिसांना त्याने कळवलं होतं, पण तेही काय करणार? घरचा फोन नंबर विचारला की आजी एवढंच सांगायच्या: चार एक सात.

"आणि बाकीचे आकडे?" मी विचारलं.

"बाकी काही नाही, मॅडम. तीनच. लावून पाहिला, लागत नाही."

"कसा लागेल? तीन आकड्यांवर काय देश चालतो का?" मी खेकसले. त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.

पण फोन ठेववेना. नोकरीला लागल्यापासून मला या नंबरांचं फार अप्रूप आहे. आपण शून्य दाबतो आणि आपल्या गावाची वेस उघडते. पुढच्या आकड्यांनी देशाचा एक कोपरा निवडला जातो, उरलेला सगळा देश गप्प बसतो. मग गाव, मग गावातलं एक्स्चेंज, आणि शेवटचे आकडे थेट कोणाच्या तरी उंबरठ्यावर. एवढ्या कोट्यवधी घरांतून एकाच घरी घंटा वाजते, शेजाऱ्याला पत्ताही लागत नाही. दिवसभर हे अखंड चाललेलं असतं, आणि माणसं वर कुरकुरतात की आवाज नीट येत नाही. माझ्या मात्र अजून अंगावर काटा येतो.

आणि वस्ती वाढली की नंबर वाढतो तो पुढून. शेपटाला सहसा कोणी हात लावत नाही. म्हणजे आजींचे तीन आकडे आजही कुठल्यातरी लांबलचक नंबराच्या शेवटी जिवंत असणार. पण कुठल्या? असं चार एक सात गावोगावी सापडेल. गाव कळल्याशिवाय त्याचा काडीचा उपयोग नव्हता.

"आजींना द्या फोन," मी म्हटलं.

नाव विचारलं. मुलं किती विचारलं. घराच्या दारातून काय दिसतं, तेही विचारलं. "नाही गं आठवत बाळा," त्या म्हणाल्या आणि रडायला लागल्या. मी हात टेकले. मी नोकरीला लागले तेव्हा हातबोर्डाचे शेवटचे दिवस होते. प्लग खोचून कॉल जोडायचो, आणि परगावच्या ऑपरेटरशी बोलायची एक ठरलेली रीत होती. का कोण जाणे, वैतागाच्या भरात तीच तोंडून निघाली.

"एक्स्चेंज बोला."

"नदीपार एक्स्चेंज," आजी म्हणाल्या. आवाजातलं रडू पार गेलं होतं. "नंबर प्लीज?"

मी खुर्चीत सरळ बसले. या तर माझ्याच धंद्यातल्या निघाल्या.

नदीपारला मी स्वतः कॉल दिले होते, त्यामुळे गाव लगेच कळलं. तिथे आपोआप कॉल जोडणारं यंत्र बसलं तेव्हा प्रत्येक नंबरापुढे पाच लागला. गाव फुगलं तेव्हा त्याच्याही पुढे दोन आणि चार लागले. सगळ्यात आधी गावाचा कोड. एकेक आकडा मी जपून दाबला. ते बोर्ड केव्हाच भंगारात गेले, तारा बदलल्या, एक्स्चेंजच्या जागी आता मंगल कार्यालय आहे म्हणतात. तरी वाट बुजली नव्हती. पलीकडे घंटा वाजली, आणि मी मनातल्या मनात हात जोडले.

"हॅलो? सापडली का ती?" एक म्हातारा आवाज घाईने म्हणाला.

"चार एक सात का?" मी विचारलं.

"म्हणजे तिनेच सांगितला," ते म्हणाले. सकाळपासून ते शोधत होते, मुलगा बस स्टँडवर फिरत होता. "माझा नंबर आहे तो, ताई. लग्नाआधीचा, सायकलच्या दुकानातला. ती बोर्डावर असायची. मी उगाच फोन उचलून किती वाजले विचारायचो. दुकानात दोन-दोन घड्याळं होती माझ्या. पुढे दुकान बंद झालं तशी लाईन घरी आणली. पोरं म्हणतात, काढून टाका आता ते खोकं. कसं काढू? माझं नावसुद्धा विसरलीय ती. हा एवढा नंबर राहिलाय."

मी दोन्ही लाईनी जोडल्या. नियमाने मी बाजूला व्हायला हवं होतं. झाले नाही.

"नंबर प्लीज," आजी म्हणाल्या.

"नंबर नकोय." आजोबा म्हणाले. "किती वाजले, एवढंच विचारायचं होतं."

आजी हसल्या. "पुन्हा तुम्हीच? अहो, ड्युटीवर आहे मी. सहाला सुटते. फाटकाशी थांबा, आणि कालच्यासारखा उशीर नको."

"नाही करणार," ते म्हणाले.

मग मी त्यांना दुकानाचा पत्ता सांगितला, बस कुठली ते सांगितलं. दुकानदार आजींना चहा देईल, काळजी करू नका, असंही सांगितलं. त्यांनी सगळं दोनदा म्हणून घेतलं.

"बाकी ठीक आहे, ताई," ते म्हणाले. "फक्त एवढं सांगा, सहाच्या आत पोचेन ना मी?"