पावशेर वरचा

शकुन, तेव्हा तू नुकती रांगायला लागली होतीस आणि दिसेल ते ढकलत होतीस. एक दिवस तू आजीचा शेराचा दगडच विहिरीत ढकललास.

त्या भोकाभोकांच्या काळ्या दगडानं सासूबाई अकोल्याच्या बाजारात वांगी तोलायच्या. दुर्गाबाईचं माप म्हणजे चोख, असं त्यांचं नाव होतं. त्यांचा राग तुझ्यावर निघू नये म्हणून मी तुला कडेवर घेऊन गुपचूप नवा दगड शोधायला निघाले. आगगाडीचा रस्ता आखणाऱ्या साहेबाच्या तंबूमागे दूरदेशाहून नमुन्याला आणलेले दगड टाकलेले होते. त्यात अगदी तेवढाच एक सापडला. जरा जड वाटला, पण कडेवर तू होतीस. मला तेव्हा सगळंच जड वाटायचं.

आठ दिवसांत कापसाचे गाडीवान आमच्याच पाटीभोवती जमू लागले. शेजारची भाजीवाली रुख्मिणी भडकली.

"काहून व दुर्गे, मापात काय खोट केली?"

"माह्या मापात खोट? चाल कापसाच्या काट्यावर!"

मी तुला कडेवर घेऊन त्यांच्या मागोमाग गेले. खोट निघाली तर सासूबाईंचं नाव जाणार होतं.

दगड शेराहून पावशेर जास्त भरला. बाजार खो खो हसला. साहेबाचे कारकून केशवराव तिथंच होते. त्यांनी दगडाचा कोपरा फोडला. आत काचेसारखे हिरवे कण.

"जमिनीच्या पोटात खोल, खडक वितळून रस होतो," ते म्हणाले. "तो निवताना हे कण आधी गोठतात, अन् जड म्हणून तळाशी बसतात. लोखंड अन् मॅग्नेशिया भरपूर, गारगोटीचा अंश कमी. इकडचा दगड वर उतू आलेल्या रसाचा. बुडबुड्यांनी पोकळ."

"तूप निवताना रवा खाली बसते, तसं?" सासूबाईंनी विचारलं.

"तसंच, बाई."

"मंग दुर्गीले आपला दगडच वळखू आला नाही!" रुख्मिणी म्हणाली.

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, तुझ्याकडे पाहिलं, आणि पदर खोचला.

"वळखू काहून येत नाही? नातीच्या नावानं पावशेर वरून देऊन राहिली मी!"

"किती दिवस देशीन व माय?" एका गाडीवानानं लगेच विचारलं.

"पोरीले दात येईपर्यंत."

तुझे दात फार उशिरा आले, बाळा. पाटी डोक्यावर घेण्याआधी सासूबाई रोज तुझ्या हिरड्यांवरून बोट फिरवायच्या.