तळघरातली दुर्बीण

मित्रांनो, जर्मनीतल्या रेगेन्सबर्ग शहरातल्या एका घराच्या तळघरात, गाडीच्या बर्फात वापरायच्या हिवाळी टायरांच्या मागे, मी पडून आहे. मी एक दुर्बीण. कधीकाळी मी फार लाडकी होते.

जर्मनीतल्याच एका लहान कारखान्यात माझा जन्म झाला. काचा घासणाऱ्या कारागिराने मला उजेडासमोर धरून समाधानाने मान हलवली होती. पुढे ऊर्मिलाने मला दुकानात पसंत केले. ती पुण्याची. तिचा नवरा श्रीधर इथल्या मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर. रविवारी मला गळ्यात अडकवून ती नदीकाठी बगळे बघत बसे आणि लेक इरा "आता मला, आता मला!" करत मागे लागे.

मेक्सिकोतल्या प्राचीन माया लोकांची जुनी देवळे बघायची ऊर्मिलाला फार वर्षांची ओढ होती. गेल्या वर्षी ईस्टरच्या सुट्टीत तिघे तिथल्या जंगलात गेले. वाटेत ती सारखी थांबे, आणि श्रीधर पाण्याची बाटली घेऊन शेजारी उभा राही. तिच्या आजारावर आता इलाज उरला नव्हता. हे त्या दोघांनाच ठाऊक होते. "सहल होऊ दे, मग इराला सांगू," असे तिनेच ठरवले होते.

झाडी सरली आणि पायऱ्यापायऱ्यांचे उंच दगडी देऊळ समोर आले. इरा धावत सुटली. "आई, कोम डोख! ये ना!"

ऊर्मिला दगडावर टेकली. "तुम्ही जा वर. मी इथून बघते."

एरवी जर्मन बोलणारी इरा चिडली की मराठीत भांडे. "एवढ्या लांब आणलंस आणि आता बसून राहतेस? तुला माझ्याबरोबर काही करायचंच नसतं!"

ती तरातरा वर गेली, तिच्या मागोमाग श्रीधर. ऊर्मिलाने मला डोळ्यांना लावले. वर पोचल्यावर श्रीधरने हात हलवला. इरा मात्र पाठ करून उभी राहिली.

"बघ ना गं एकदा इकडे," ऊर्मिला पुटपुटली. तिने मला शेवटपर्यंत खाली घेतले नाही. तिच्या बाजूने माझ्या काचा ओल्या झाल्या होत्या.

पानगळीआधीच ऊर्मिला गेली. इराला खरे कळले ते इस्पितळात, आईचे बोलणे बंद झाल्यावर. "ही दुर्बीण मला घरात नको," ती म्हणाली, आणि श्रीधरने मला इथे आणून ठेवले. या ओलाव्यात माझ्या काचांवर आतून बुरशी चढली.

परवा सायकलचा पंप शोधताना इराला मी सापडले. ती मला घेऊन जिन्यातच बसली. श्रीधर खाली आला.

"बाबा, आई तेव्हा काय बघत होती? देऊळ?"

"देवळाकडे तिचं लक्षच नव्हतं गं. तुलाच बघत होती. मी खाली आल्यावर म्हणाली, पाठमोरी किती मोठी दिसते रे आपली पोर."

इराने मला डोळ्यांना लावले. बाहीने काचा पुसपुसून पाहिल्या, पुन्हा लावले. काहीच दिसेना. मग बापाच्या कुशीत तोंड खुपसून ती हमसून हमसून रडली.

मित्रांनो, गेलेल्या माणसाच्या वस्तू अंधारात कोंडू नका. त्यांना कोरडी जागा आणि उजेड द्या. घरातले कुणी चालताना मागे पडू लागले, तर रागावण्याआधी जवळ जाऊन विचारा. आणि तुमच्या आईबाबांना माझा निरोप सांगा, असले दुखणे मुलांपासून लपवू नका म्हणावे. इराला माहीत असते, तर ती पायऱ्या चढलीच नसती. त्या दगडावर आईला खेटून बसली असती.