राहून गेलेली लस

लेकीच्या, मनालीच्या बाळंतपणासाठी पुण्याहून न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टनला आलेल्या गोपीनाथांना खोकला जडला, तेव्हा त्यांनी तो इथल्या थंडीवर ढकलला. गरोदरपणीच डांग्या खोकल्याची लस घे, बाळाला तुझ्याकडूनच संरक्षण मिळतं, असं मिडवाइफने मनालीला बजावलं होतं. घर बदलायच्या धांदलीत ते राहून गेलं. जावई रणजितने गोपीनाथांनाही लस सुचवली होती. या वयात कसली लस, म्हणून त्यांनी ते हसण्यावारी नेलं.

मनालीला मुलगी झाली, ओवी. तिला पहिली लस सहा आठवड्यांची झाल्यावर मिळणार होती. त्याआधीच तिला सर्दी झाली. ताप नव्हता, खोकलाही जेमतेम. पण एका दुपारी आजोबांच्या मांडीवर असतानाच तिचे ओठ निळे पडले आणि छाती हलेना. गोपीनाथांनी मनालीला हाक मारली. मनालीने धावत येऊन तिला उचललं, पाठ चोळली, तेव्हा कुठे तिने श्वास घेतला.

हॉस्पिटलात डांग्या खोकला ओळखून लगेच अँटिबायोटिक सुरू झालं. त्याने जंतू मरतील, पण त्यांचं विष आधीच अंगात भिनलंय आणि त्यावर औषध नाही, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. खोकला पसरू नये म्हणून घरच्यांनाही गोळ्या दिल्या. तपासणीत गोपीनाथांचा खोकलाही तोच निघाला.

ओवीला हेलिकॉप्टरने ऑकलंडला नेलं. तिथे मशीन तिच्यासाठी श्वास घेत राहिलं, पण हृदयाने साथ सोडली. ती गेली तेव्हा मनालीने तिला कुशीत धरलं होतं.

बाहेर बाकावर गोपीनाथ मास्क लावून बसले होते. मनाली शेजारी येऊन बसली.

"मनू, माझ्यामुळेच ना गं?" त्यांनी विचारलं.

तिने नाही म्हटलं नाही. म्हणाली, "मी लस घेतली असती, तर तुमचा खोकला तिला कदाचित बाधला नसता, बाबा."



घरी परतल्यावर मनालीला दूध येतच राहिलं. छाती दगडासारखी झाली, कपडे भिजू लागले. मिडवाइफ दूध आटवायची गोळी घेऊन आली. मनालीने ती हातात घेतली आणि नुसती बघत बसली. दारात उभ्या गोपीनाथांना पाण्याचा पेला पुढे करायचंही धाडस झालं नाही.