आभाळाचे तुकडे

लग्नात भेटी आल्या त्यात भिंतीवरची घड्याळंच पाच निघाली. लोकांना वाटतं, लग्न झालं की माणसाला वेळ बघायचा सोडून दुसरा उद्योग नसतो. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा, त्याच्या सोबत्यांनी मात्र डोकं चालवलं आणि एक भलंमोठं जिगसॉ दिलं. दोन हजार तुकडे. जोडले की बंदर तयार: खाली बोटी, मधे गोदामं, आणि वर अर्ध्याहून जास्त नुसतं निळं आभाळ.

ती चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. बारीक कामाला सरावलेली, त्यामुळे कोडं तिनेच आधी मनावर घेतलं. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत जेवायचं टेबल एकच, त्यावर बंदर पसरलं आणि ही दोघं ताटं मांडीवर घेऊन जेवू लागली. बोटी पटापट जमल्या. आभाळाला मात्र दोघंही हात लावेनात. सगळे तुकडे सारखे निळे, कुठला कुणाचा शेजारी काही कळत नाही. "आभाळ शेवटी," असं ठरलं.

तरी आभाळ भरत होतं. तिच्या आधी लक्षात आलं. डाव्या कोपऱ्यात चार-पाच तुकडे बसलेले, दोन दिवसांनी आणखी काही. नवरा कधी दुपारी दोन कामांच्या मधे जेवायला घरी येऊन जायचा. तोच बसवत असणार. आपल्याला कंटाळा येतो म्हणून हा गुपचूप करतो, आणि बोलून दाखवत नाही! तिला इतकं भरून आलं की तिनेही काही बोलून दाखवलं नाही. नवं लग्न असं असतं. माणूस मोज्यांच्या जोडीतही प्रेम शोधतो.

एका रविवारी सकाळी चहा पिताना तोच म्हणाला, "तुझं आभाळ काय झकास चाललंय गं. मला तर बघूनच झोप येते."

तिला हसू आलं. "माझं? बस कर. तूच करतोयस."

"मी? मी एक तुकडा लावला नाही."

"खरं सांग."

"तुझी शपथ."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मग टेबलाकडे. हातातला कप तिने हळूच खाली ठेवला, जणू आवाज झाला तर कुणाला कळेल.

मग घराची झडती झाली. पलंगाखाली, कपाटात, माळ्यावर, न्हाणीघरात. नवरा पुढे आणि ती त्याच्या शर्टाचं टोक धरून मागे. काही गेलं नव्हतं. पाचही घड्याळं जागच्या जागी होती, तिची सोन्याची साखळी डब्यात होती. सगळं शाबूत आहे हे बघून तिला बरं वाटायला हवं होतं, पण उलट भीती वाढली. चोर आला तर चोरून जाईल आणि विषय संपेल. जो काहीच नेत नाही त्याला हवंय तरी काय?

घरमालकाला फोन केला. तो म्हणाला, "मी तीन चाव्या दिल्या होत्या. मोजून."

या दोघांकडे दोनच होत्या.

"तिसरी तूच खिशात टाकलीस," ती म्हणाली.

"मी? ती तुझ्याकडे होती. घर लावलं त्या दिवशी तुझ्या हातात बघितली मी."

घर लावायच्या दिवशी सामान चढवणारे, गॅसवाला, पंखे लावणारा, सासूबाई, अशी दहा माणसं आत-बाहेर करत होती. चावी त्या गर्दीत पडली असणार आणि कुणाला तरी सापडली असणार. घरमालकाने कुलूपवाल्याला शनिवारची वेळ दिली, त्याआधी त्याला सवड नव्हती. पोलिसांकडे जावं असं ती म्हणाली, तर नवरा वैतागला. "काय सांगू त्यांना? रोज एक इसम येतो आणि आमचं आभाळ जोडून जातो?"

सासूबाईंना कळवायचं नाही हे दोघांनी न बोलताच ठरवलं. त्या एकट्या राहायच्या, दोन बस बदलण्याइतक्या लांब. नवरा लहान असतानाच सासरे गेले आणि त्यांनी शाळांचे गणवेश शिवून एकुलत्या पोराला वाढवलं. लग्नानंतर महिनाभर ही दोघं त्यांच्याकडेच होती. मग कामाला जवळ पडतं म्हणून इकडे आली. तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "बोलावल्याशिवाय मी यायची नाही हो. नव्या संसारात म्हाताऱ्यांनी लुडबुड करू नये." शब्दाच्या पक्क्या. दोनदा बोलावलं तेव्हा दोनदा आल्या आणि पाहुण्यासारख्या खुर्चीच्या कडेवर बसून गेल्या. कोडं बघून म्हणाल्या होत्या, "आधी कापायचं आणि मग जोडायचं? माझा जन्म त्यातच गेला. पण मला निदान पगार मिळायचा." अशा बाईला या वयात घोर कशाला लावायचा?

सोमवारी कामावर निघताना तिने टेबलाचा फोटो काढला. संध्याकाळी नवऱ्याबरोबरच जिना चढली, कारण एकटीने दार उघडायची तिची छाती नव्हती. फोटो धरून दोघांनी आभाळ ताडून पाहिलं. सहा तुकडे वाढले होते. आणि सकाळी बाहेर ओढलेलीच राहिलेली खुर्ची नीट आत सरकवलेली होती.

तिने दाराची कडी दोनदा तपासली.

त्यानंतर ते घर तिचं राहिलं नाही. अंघोळीला गेली तरी नवऱ्याला दाराबाहेर उभा करायची आणि "आहेस ना?" म्हणून विचारत राहायची. कपाट उघडताना आधी त्यावर टकटक करायची. आपल्याच कपाटावर! दुकानात काच घासताना हात हलला आणि कुणाच्या तरी भारी चष्म्याच्या काचेला तडा गेला. मालकाने ती काच उजेडाला धरली आणि मग तिच्याकडे पाहिलं. आपली उशी, आपला कंगवा, आपलं पांघरूण, सगळ्याला तो अनोळखी हात लागला असेल असं तिच्या मनात येई.

पण याहून वाईट एक विचार होता, आणि तो तिने कुणाला सांगितला नाही. चावी नवऱ्याकडेही आहे. ओळख होऊन वर्ष झालं नाही. हाच करत असेल आणि नाही म्हणत असेल तर? तिला त्या विचाराची लाज वाटली, पण तो काही जाईना. मंगळवारी नवराही तिच्याकडे बघत हळूच म्हणाला, "तुला झोप कमी होतेय का गं हल्ली? कधी आपण काहीतरी करतो आणि विसरतो." म्हणजे त्याच्याही मनात तेच होतं. दोघं एका पलंगावर निजत होती आणि दोघांची एकमेकांवर नजर होती. तिला त्या चोरापेक्षा याची जास्त भीती वाटली. दार बदलता येतं, कुलूप बदलता येतं. हे कुणाला बोलावून बदलून घ्यायचं?

"आपण दोघं रजा टाकू," ती म्हणाली. "घरातच थांबू. काय ते एकदाचं कळू दे."

बुधवारी दोघं कामाला निघाल्यासारखी खाली उतरली आणि कोपऱ्यावर चक्कर मारून परत आली. झोपायच्या खोलीचं दार लोटून घेतलं, बोटभर फट ठेवली. नवऱ्याने कामाच्या पेटीतला सगळ्यात मोठा पाना आणला होता, हातभर लांब. हा माणूस झुरळही कागदावर घेऊन खिडकीबाहेर सोडायचा. आता त्याची बोटं पान्यावर पांढरी पडली होती.

"मारू नकोस हां," ती कुजबुजली. "नुसतं घाबरव."

"तो काय घेऊन येईल ते कुठे माहीत आहे?"

दोघं पलंगाच्या कडेला बसून राहिली. पाच घड्याळांची टिकटिक, दोन पुढे, तीन मागे. कुठेतरी कुणाचा कुकर झाला. कोणी न येवो असं तिला वाटत होतं, आणि कोणी आलं नाही तर? मग दोघांतलंच कोणीतरी खोटं. तेव्हा कोणीतरी येवोच असंही वाटत होतं.

भर दुपारी कुलपात चावी फिरली.

नवरा उठला. दार उघडलं आणि हलकेच बंद झालं. कोणीतरी घाई न करता चपला काढल्या. नवऱ्याने खोलीचं दार आणखी थोडं उघडलं, पाना खांद्यावर घेतला. त्याचा श्वास तिला ऐकू येत होता. बाहेर पायपुसण्यावर पाय घासल्याचा आवाज आला. आधी एक पाय, मग दुसरा. आणि मग, मन भरलं नाही म्हणून, पहिला पुन्हा.

नवऱ्याचा हात वर गेला. तो एक पाऊल बाहेर पडलाच होता, तेवढ्यात तिने दोन्ही हातांनी त्याचा दंड धरला आणि सगळा भार टाकून मागे ओढला.

"आई आहेत," ती त्याच्या कानात म्हणाली.

तो वळला. डोळ्यांत ओळख नव्हती. "कुणाची आई?"

त्याला कसं कळणार? जन्मभर घरी यायचा तो, आणि घरात असायची आई. आई दारातून आत कशी येते हे त्याने कधी ऐकलंच नव्हतं. तिने महिनाभर ऐकलं होतं, तिकडच्या घरी स्वयंपाकघरात उभं राहून: सासूबाई बाजारातून आल्या की पहिला पाय दोनदा पुसतात, पुन्हा टाका मारून शिलाई पक्की करावी तसा.

पाना त्याच्या हातातून सुटला. फरशीवर असा दणका झाला की बाहेर खुर्ची आपटली आणि कोणीतरी किंचाळलं.

सासूबाई टेबलाला पाठ लावून उभ्या होत्या. एका हातात निळा तुकडा, दुसरा हात छातीवर. त्यांच्या चेहऱ्यावर भीती होती. गेले चार दिवस तिला स्वतःच्या चेहऱ्यावर आरशात जी दिसत होती, अगदी तीच.

"मी नुसतं आभाळच लावलं," त्या घाईघाईने म्हणाल्या. "बोटींना हात लावला नाही. बोटी तुमच्या तुम्हाला ठेवल्या."

तिला रागच आला. "आई, आमचा जीव गेला असता घाबरून! एकदा सांगायचं तरी!"

"काय सांगायचं? बोलावल्याशिवाय येणार नाही म्हणाले होते ना." त्यांनी चावी टेबलावर ठेवली आणि तिच्याकडे न बघता बोलत राहिल्या. "गॅसवाल्याला दार उघडायला ही माझ्याकडे दिली होती. नंतर ना तुम्ही मागितली, ना मी दिली. परवा परवा द्यायला आले तर घरात कुणी नव्हतं. म्हटलं ठेवून जावं. इथे हे पसरलेलं. एक तुकडा बसला. मग म्हटलं, उद्या देऊ."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. आईकडे दिलेली चावी आईकडे आहे, हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं, कारण मागायची कशी या संकोचाने दोघांनीही ती गोष्ट मनातून पुसून टाकली होती.

नवरा अजून खोलीच्या दारातच होता. "आई," तो कसाबसा म्हणाला, "येताना हाक मारत जा गं. दारातून नुसती हाक मार."

"कुणाला मारू?" सासूबाईंनी साधंच विचारलं. "घरात कुणी नसतं ना."

तिने टेबलावरची चावी उचलली, सासूबाईंच्या पिशवीत टाकली आणि खुर्ची पुढे ओढली. "बसा. मी चहा टाकते. आणि उजवीकडचा कोपरा मला मुळीच जमत नाहीये, तो बघा जरा."

सासूबाई या वेळी खुर्चीत पूर्ण टेकून बसल्या. मग त्यांचं लक्ष फरशीकडे गेलं. वाकून त्यांनी तो पाना दोन्ही हातांनी उचलला.

"केवढा जड आहे हा! घरात कशाला काढलास?"

"नळ गळत होता," नवरा म्हणाला.

"थांबला का?"

"थांबला."

पाना घ्यायला त्याने हात पुढे केला, पण पान्याला लागायच्या आधीच मागे घेतला. मग तिनेच पुढे होऊन सासूबाईंच्या हातातून पाना घेतला, आत नेला आणि पेटीत अगदी तळाशी घातला.