त्रेपन्न सालचा चेंडू

सकाळी साडेपाचला हौसा तळ्याकाठच्या क्लबाच्या मागल्या दाराने आत आली. शेणाच्या दोन पाट्या तिने नळापाशी उतरवल्या, त्यात चाळलेली माती मिसळली आणि काला तुडवायला लागली. काला किती सैल हवा हे तिच्या तळपायांना कळत असे. मग गुडघ्यांवर बसून, जाळीपासून मागे मागे सरकत, हाताची अर्धवर्तुळे एकमेकांना जोडत ती टेनिसचे कोर्ट सारवू लागली. आज जाळीच्या अलीकडचे अर्धे, उद्या पलीकडचे. चौदा वर्षे हा क्रम चुकला नव्हता.

आठच्या सुमाराला एफ्राइम मास्तर कागदांची गुंडाळी घेऊन आले. ते शाळेत इंग्रजी शिकवीत आणि मार्करांच्या स्पर्धेचे चिटणीस होते. मार्कर म्हणजे क्लबाच्या पगारावर राहून सभासदांना खेळ शिकवणारा माणूस. पैसे घेऊन खेळतो म्हणून मोठ्या स्पर्धांत त्याला मज्जाव. अशांसाठी मास्तरांनी सत्तेचाळीस साली पनवेलला ही स्पर्धा सुरू केली. मुंबई, पुणे, नाशिकहून दहा-बारा जण येत, शाळेच्या वर्गात पथाऱ्या टाकत. वर्षभर साहेबांना जिंकू देणारी ही माणसे चार दिवस स्वतःसाठी खेळत.

यंदाची स्पर्धा शेवटची होती. क्लबाची कमिटी सिमेंटचे कोर्ट करणार होती आणि मास्तर उन्हाळ्यात कुटुंबासह इस्रायलला निघाले होते. जाण्यापूर्वी स्पर्धेचा इतिहास छापून ठेवावा, एवढीच त्यांची इच्छा उरली होती.

"हौसाबाई, पहिल्या वर्षापासून इथे आहेत अशी आता आपण दोघंच. वाचतो, चुकलं तर सांगा."

"वाचा. आमाला आता कामच काय? सिमेंट काय सारवाचा हाय?"

मास्तर हसले आणि वाचू लागले. साल, विजेता, उपविजेता. हौसाचा हात फिरत होता. मग आवाज जरा उतरला.

"एकोणीसशे त्रेपन्न. अंतिम सामन्यात पेणचे महादेव मार्कर यांनी रेषापंचांचा निर्णय अमान्य करून त्यांच्या अंगावर रॅकेट फेकली. या असभ्य वर्तनाबद्दल त्यांना स्पर्धेतून कायमचे वगळण्यात आले."

हौसाचा हात थांबला. रेषेवर बसलेला तो पंच म्हणजे तिचा नवरा तुळशीराम, क्लबाचा माळी. त्याला जाऊन तीन वर्षे झाली होती.

"तेवढा खोडा, मास्तर."

"का? रॅकेट तर सगळ्यांनी पाहिली."

"रॅकेट पाह्यली. चेंडू कुनी पाह्यला? तो आत व्हता."

मास्तरांनी कागद खाली घेतला. हौसा सारवलेल्या भागाकडे बघत सांगू लागली. सामन्याच्या सकाळी तुळशीरामने दोरी लावली तेव्हा मागची रेघ चार बोटे आत पडल्याचे त्याला दिसले. त्याने बाहेरच्या बाजूला नवी रेघ मारली आणि जुनीवर सारवायला तिला सांगितले. त्या दिवशी शेण कमी पडले होते. तिने हात पातळ फिरवला. उन्हाने सारवण वाळले तशी जुन्या रेघेचा चुना वर फुटला. आठवडाभर तुळशीरामची नजर त्या जुन्या रेघेवर बसलेली. संध्याकाळी चेंडू दोन रेघांच्या मधे पडला आणि तो ओरडला, बाहेर!

"पन नवी रेघ खरी. तिच्या आत व्हता चेंडू. दुसऱ्या दिशी सकाळी आमी दोघांनी चेंडूचा वळ बगला. सामना संपल्यावर सारवनारी आन माळी सोडून कुनी कोर्टावर पाय ठेवाचा नाय, ही तुमचीच रीत. म्हनून दुसऱ्या कुनाला दिसला नाय."

"मग तुळशीराम काय म्हणाला?"

"उकिडवा बसला. लय वेळ बसला. मग बोलला, सारव." तिने हात काल्यात बुडवला. "मी सारवला. पन तवापासून तो रेघंवर परत बसला नाय. तुमी दर साली बोलवलात, दर साली त्याची कंबर दुखली."

मास्तरांनी चष्मा काढला. "महादेव तेव्हा पुण्याच्या क्लबात मार्कर होता. त्या क्लबाला मीच कळवलं होतं. त्या पत्रामुळे महादेवची नोकरी गेली. हल्ली तो पळस्प्याच्या नाक्यावर ट्रकचे टायर जोडतो म्हणतात." काच पुसत ते म्हणाले, "हौसाबाई, हे छापलं तर तुळशीरामचं नाव खराब होईल. प्रामाणिक माणूस म्हणून सगळे त्याला ओळखतात."

"मेल्या मानसाला कुनी कामावरून काडत नाय, मास्तर. म्हादू अजून जिता हाय. आन लिवाल तर पातळ हात माजा व्हता, ह्ये पन लिवा."

"लिहीन. महादेवला आजच पत्र टाकतो."

"येक पत्र टाकलाच व्हता तुमी."

मास्तरांनी पेनाचे टोपण काढले, त्या दोन ओळींवर आडवी रेघ ओढली आणि बाकावर बसून नवीन मजकूर लिहायला घेतला.

हौसाने उरलेले कोर्ट सारवले. घमेले धुऊन पालथे घातले, हातपाय धुतले, लुगडे सारखे केले आणि पेणकडे जाणारी एस.टी. धरली.

पळस्प्याला नाक्यावरच्या टपरीपुढे महादेव ट्यूब पाण्यात बुडवून भोक शोधत होता. केस पिकले होते, उजवा खांदा मात्र अजून डाव्यापेक्षा भरलेला. त्याने वर पाहिले.

"हौसावयनी? या, या. इकडं कुठं? तुळशीदादा बरा हाय ना?"

वाटभर तिने बरेच जुळवून ठेवले होते. या प्रश्नाची मात्र तयारी नव्हती.

"तुजे दादा गेले, म्हादू. तीन वरसं झाली."

त्याचे हात पाण्यातच राहिले. "मना कुनी कळवला नाय," तो हळूच म्हणाला.

"तुला कळवाचा लय र्‍हायला हाय."

त्याने खांद्यावरचे फडके काढून लाकडी खोका पुसला आणि तिच्यापुढे सरकवला. रस्त्याच्या कडेला उभ्या ट्रकमधून ड्रायव्हर ओरडला, "अरे, झाला का टायर?" महादेवने मान न वळवता ओला हात वर करून त्याला थांबवले.

हौसा खोक्यावर बसली आणि दोरी लावली तिथपासून सांगायला लागली.