कोरडी ठेवायची पावडर

मावळातला पाऊस भादव्यात उघडीप देतो ती तासा-दोन तासांची. तेवढ्यात कार्ल्याच्या भातखाचरांवर कीड मारायची पांढरी पावडर धुरळून घ्यायची. एक पुरचुंडी हातात धरून लोंब्यांवर झटकत जायचं, आणि भरलेली दुसरी कोरडी राहील अशी जपायची. ती बायका चोळीत ठेवत. अंगाच्या उबेला पावडर भुरभुरीत राहते, हे पुतळाबाईनंच सगळ्यांना दाखवलं होतं. आठ पावसाळे झाले त्याला. विठ्ठल मुकादम म्हणायचा, "पुतळाबाईच्या पावडरीत खडा घावायचा न्हाई."

गेल्या दिवाळीत तिच्या डाव्या छातीला आवळ्याएवढी गाठ लागली. दुखत नव्हती, आणि असल्या जागेचं सांगायचं तरी कुणाला? पुढं कातडी आत ओढली गेली, चोळीला डाग पडू लागले, तेव्हा कुठं ते तिच्या लेकीच्या, चिंगीच्या नजरेला आलं. आषाढात चिंगीनं तिला मळवलीहून गाडीत बसवून पुण्याच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी बगल चाचपली आणि हात धुतले.

"फार उशीर केलात, बाई. गाठी बगलेत गेल्यात. आता कापूनही उपयोग नाही."

पुतळाबाईनं मान हलवली. मग म्हणाली, "डागदर, भाताची पावडर मी हितंच ठिवायची. त्यानं झालं आसंल का?"

डॉक्टर म्हणाले, "तसं काही माझ्या वाचनात नाही. त्या पावडरीनं किडे मरतात, माणसं नाही. उगाच मनाला लावून घेऊ नका." त्या काळी ठाऊक होतं तेवढं ते खरंच सांगत होते. चिंगी शेजारीच उभी होती.

पुतळाबाईच्या मनातून मात्र ते जाईना. आपलं तर झालंच, पण पोरीचं होऊ नये, एवढंच आता तिला हवं होतं. भादवा लागला, भाताला ढेकण्या किडा पडला, आणि आईच्या जागी चिंगी कामाला निघाली. पुतळाबाईनं तिला तंबाखूचा रिकामा डबा घासूनपुसून दिला. "पावडर ह्यात ठिव. आंगाला लावू नगंस."

संध्याकाळी चिंगीनं डबा आदळला. "पानी धरलं त्येनं आतून. समदं गोळं झालं. मुकादम चारचौघींत म्हनला, आयचा हात लेकीला आला न्हाई."

"म्हनंना का."

"उद्या कामावर घ्याचा न्हाई, मंग? आन् डागदर तुज्या तोंडावर काय म्हनला? मी हुते की तितं."

पुतळाबाईला वाटलं, डॉक्टरांना विचारलंच नसतं तर पोरीनं निदान आईचं म्हणून तरी ऐकलं असतं.

सकाळी चिंगी पुरचुंडी बांधून चोळीत सारू लागली. पुतळाबाई अंथरुणातून बघत होती.

"कुनीकडं ठिवतीस?"

"डावीकडं. उजव्या हातानं काडाया बरं पडतं. तूच न्हाई का शिकिवलंस?"

"मंग मदनंमदनं बाजू तरी बदलत जा, चिंगे."

"लय झालं तुजं," चिंगी हसली, आणि इरलं डोक्यावर घेऊन खाचरांकडं उतरली.