टाके तोडलेली गादी

मी एक जुनी कापसाची गादी आहे. मला भरलं आणि शिवलं या घरच्या आईनं. गाद्या शिवणं हाच तिचा धंदा. वितीवितीवर टाका घालून तिनं दोरा आरपार ओढला, म्हणून माझ्या अंगावर खळगे पडले आणि मधला कापूस वर फुगला. गिऱ्हाइकं माझ्याकडे बोट दाखवून "अश्शीच हवी" म्हणायची. मी फुशारून जायचे.

माझ्यावर निजायची तिची लेक. वीस वर्षांची, तलावावर पोहायला शिकवायची. सगळे तिला मासोळी म्हणत. अंगानं काडी, तरी मांड्यांवर बारीक खळगे. एके दिवशी कपडे बदलायच्या खोलीत कुणीतरी ते बघून फिदीफिदी हसलं, आणि पोरीचं मन पाण्यावरून उडालं.

भरदुपारी ती कात्री घेऊन माझ्यापाशी आली. "तू तरी सपाट हो!" म्हणत तिनं माझे टाके तोडले. मित्रांनो, मी सपाट झाले खरी, पण आठवड्याभरात सगळा कापूस एका कोपऱ्यात गोळा झाला. मी कामातून गेले. तरी पोरीचे डोळे उघडले नाहीत. माझ्या खोळीच्या उरलेल्या कापडाच्या पट्ट्या फाडून तिनं मांड्या करकचून बांधल्या, दिवसच्या दिवस, आईला पत्ता लागू न देता. मग डावा पाय सुजून निळा पडला. आत रक्ताची गुठळी झाली होती. जीव वाचला, पाय पहिल्यासारखा होणार नाही. तलावावर दुसरी बाई शिकवते.

घरी तपासायला आलेल्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या शेजारी ठेवलेली आईनं शिवलेली नवी गादी दाबून दाखवली.

"मांड्यांवरच्या या खळग्यांना सेल्युलाइट म्हणतात. कातडीखाली या गादीसारखेच दोरे असतात. बायकांचे उभे, कातडीला आत ओढणारे. मधून चरबी वर येते. पुरुषांचे तिरपे, एकमेकांत गुंतलेले, म्हणून त्यांना सहसा दिसत नाही. वयात आल्यावर बहुतेक बायकांना होतंच, बारीक असल्या तरी. मांड्यांवर, कुल्ल्यांवर, कधी पोटावर. रोग नाही गं हा!"

त्या गेल्यावर आईनं कपडा गुडघ्याच्या वर सारला. तिच्या मांडीवर तेच खळगे होते.

"मलाही आहेत. तुझ्या आजीलाही होते."

"मग आधी का नाही दाखवलंस, आई?"

 आई नुसती रडली.

आज ती मला पुन्हा शिवते आहे. लेक पाय उशीवर ठेवून सुईत दोरा ओवून देते. मित्रांनो, माझा कापूस पुन्हा पिंजता आला. तिच्या पायाचं तसं नाही. म्हणून अंगावर असं काही दिसलं तर कात्री-पट्ट्या शोधू नका, घरात विचारा. आणि घरातल्या मोठ्यांनो, मुलांनी विचारायची वाट बघू नका.